सतरा इंची हौस

"काका, गाडीला सतरा इंची अलॉय टाकतोय. टायर कुठला घेऊ?"

हा प्रश्न मला पुण्या-नाशकाहून वर्षातून चार-पाच वेळा येतो. कधी पुतणे विचारतात, कधी भाचे, कधी त्यांचे मित्र. सोबत चाकाचा चकचकीत फोटो असतो आणि खाली एक ओळ : "अधूनमधून ट्रॅकवर पण न्यायची आहे, म्हणून स्पोर्टी पाहिजे." मी केंब्रिजमध्ये राहतो, इंजिनिअर आहे आणि वर्षातले दोन-तीन शनिवार इथल्या स्नेटरटनच्या ट्रॅकवर घालवतो, एवढ्या भांडवलावर लोक मला या विषयातला जाणकार समजतात. समजोत बापडे. पण मंडळी, आज जरा स्पष्ट बोलतो. हा प्रश्नच उलटा आहे. आधी चाक पसंत करायचं आणि मग त्यावर बसेल तो टायर शोधायचा, म्हणजे आधी पगडी विकत घ्यायची आणि मग तिच्यात मावेल असं डोकं शोधायचं! नुसत्या हौसेचा मामला असता तर गप्प बसलो असतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण या हौसेचं मोल कधीकधी मागच्या सीटवर बसलेली माणसं चुकती करतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

'स्पोर्टी'चा हवाला ट्रॅकवाल्यांच्या नावाने दिला जातो, तर आधी ते काय करतात ते बघू. केंब्रिजहून ए ११ रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर गेलं की नॉरफोकमध्ये स्नेटरटन लागतं. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. युद्ध संपलं, विमानं गेली आणि मोकळ्या पडलेल्या जागेवर इंग्रजांनी मोटारी पळवायला सुरुवात केली. (सिल्व्हरस्टोनची कथाही अशीच. आणि आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तीही तशीच.) 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी मन भरेपर्यंत पळवायची. घड्याळ लावायचं नाही आणि पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. येणारे लोक काही लक्षाधीश नसतात. कुणी प्लंबर असतो, कुणी शाळेत शिकवतो आणि गाड्या पंधरा-वीस वर्षं जुन्या असतात.

सकाळी आठ-साडेआठला तिथल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारावी. बरेच जण जॅक लावून चाकं बदलत असतात. घरून येताना रस्त्याची चाकं, इथे ट्रॅकची, संध्याकाळी परत रस्त्याची लावून घरी. कामं दोन, म्हणून संच दोन. आणि ही ट्रॅकची चाकं आपल्या अलॉयच्या दुकानदाराने पाहिली तर त्याला झीट येईल. छोट्या गाड्यांना पंधरा इंची! रंग उडालेली, ओरखडे पडलेली, पण हलकी. आतले ब्रेक जेमतेम मावतील एवढीच मोठी. चकाकी कुणी विचारत नाही. एकमेकांना विचारतात ते एवढंच, "गरम असताना हवा किती ठेवतोस?"

याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की हेथेल येतं. तिथे लोटसचा कारखाना आहे, आणि तोही एका जुन्या विमानतळावरच. वळणावर गाडी कशी धरावी हे जगाला शिकवणाऱ्या या कंपनीने १९९६ मध्ये एलिस नावाची गाडी बाजारात आणली. तिचा पुढचा टायर होता १८५/५५ आर १५. आता तुमच्या दारातल्या मारुती स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा टायर बघा : १८५/६५ आर १५. रुंदी तीच, रिमही त्याच मापाची! गाडी पाऊण टनाच्या आसपास वजनाची, म्हणून तिला तेवढंच चाक पुरलं. लोटसच्या इंजिनिअरांना सतरा इंची चाकं परवडत नव्हती असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने जरूर म्हणावं.

आता कारण. टायर रस्त्याला टेकतो कितीसा? हजार किलोची गाडी धरा. प्रत्येक चाकावर साधारण अडीचशे किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार करा : सुमारे १११ चौरस सेंटीमीटर. तळहाताएवढा तुकडा! ब्रेक लावणं, वळणं, वेग घेणं हे सगळं व्यवहार या चार तळहातांवर चालतात. बाकीची दहा लाखांची गाडी त्यांच्या भरवशावर उभी असते. आणि टायर रुंद घेतला म्हणून हा तुकडा फारसा मोठा होत नाही, कारण वजन तेच आणि हवेचा दाबही तोच. त्याचा आकार तेवढा बदलतो : आडवा जास्त, उभा कमी. कोरड्या वळणावर याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण पावसात तोच टायर पाण्याला जास्त रुंद छाती दाखवतो आणि लवकर तरंगायला लागतो.

दुसरं, वजन. चाकाचं वजन डिकीतल्या वजनासारखं नसतं. ते स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यावरून उडालेलं जड चाक परत रस्त्यावर टेकायला वेळ लावतं, आणि जेवढा वेळ ते हवेत, तेवढा वेळ तुमचे ब्रेक आणि स्टिअरिंग कशाच्या नावाने? शिवाय ते फिरवावं लागतं, थांबवावं लागतं. वजन जितकं कडेला, तितकं फिरवायला अवघड. 'अलॉय म्हणजे हलका' हा समज तर दुकानदारांनी पोसलेला आहे. स्वस्तातला ओतीव सतरा इंची अलॉय पुष्कळदा कंपनीच्या चौदा इंची लोखंडी चाकापेक्षा जड भरतो. विश्वास नसेल तर दुकानात वजनकाटा मागा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तिसरं म्हणजे टायरची भिंत, आणि आपल्या रस्त्यांसाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. त्याची भिंत १३२ मिलिमीटर उंच. त्याच गाडीला २०५/४५ आर १७ घातला तर भिंत उरते ९२ मिलिमीटर. चार सेंटीमीटर रबर आणि हवा गेली, त्या जागी धातू आला. आता वाघोलीच्या किंवा सिडकोच्या एखाद्या खड्ड्यात ते चाक आपटलं की काय होईल? लोखंडी रिम वाकते, ती ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला तडा जातो. आणि टायरच्या भिंतीतले धागे आतल्या आत तुटतात, बाहेर लिंबाएवढा फुगवटा येतो. तो फुगवटा घेऊन लोक महिनोन् महिने फिरतात. मग एक दिवस एक्सप्रेसवेवर... पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचता.

"पण काका, तुमच्याकडचे रस्ते गुळगुळीत, तुम्हाला बोलायला काय जातंय?" हा ठरलेला टोला. अहो, उलट आहे! रस्ते गुळगुळीत असते तर मीच म्हटलं असतं, घाला सतरा इंची. रस्ते खराब म्हणूनच भिंत उंच हवी. (आणि गुळगुळीत म्हणाल तर केंब्रिजची मिल रोड एकदा सायकलवरून पार करून दाखवा.)

आता त्या 'ट्रॅकवर पण' वाल्या ओळीकडे येऊ. बाजारात सेमी-स्लिक नावाचे टायर मिळतात : योकोहामाचा ए०४८, टोयोचा आर८८८आर, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २. रस्त्यावर चालवायला कायद्याने परवानगी असलेले, पण जीव ट्रॅकमध्ये अडकलेले. त्यांचं रबर गरम झाल्यावर चिकट होतं आणि नक्षी नावापुरती असते. तापलेल्या कोरड्या डांबरावर त्यांच्यासारखा टायर नाही. पण थंड सकाळी आणि साचलेल्या पाण्यात साधा चांगला टायर त्यांना सहज मागे टाकतो. आणि 'कायद्याने चालतो' याचा अर्थ 'तुमच्या कामाला योग्य' असा कधीपासून झाला? आपल्या महाराष्ट्रात चार महिने पाऊस. तो ठरवून, पाटी लावून येत नाही. कामशेतला ऊन आणि खंडाळ्याला धो धो, हे पुणेकराला मी सांगायला नको.

या केंब्रिजमध्येच एका माणसाने शर्यतीच्या गाड्या बनवल्या होत्या. ब्रायन लिस्टर त्यांचं नाव. घरच्या इंजिनिअरिंगच्या कारखान्यात १९५४ पासून गाड्या तयार व्हायला लागल्या आणि त्या चालवायचा आर्ची स्कॉट ब्राउन. त्याला जन्मतः उजव्या हाताचा पंजा नव्हता, पाय अधू होते, तरी १९५७ च्या हंगामात लिस्टर-जॅग्वार घेऊन त्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं. मे १९५८ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर, पावसाच्या सरीने ओल्या झालेल्या वळणावर त्याची गाडी सुटली आणि पेटली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या काळचा स्पा चौदा किलोमीटरचा होता. एका टोकाला कोरडं आणि दुसऱ्या टोकाला ओलं, असं तिथे नेहमी व्हायचं. म्हणजे आपला बोरघाटच की! जिथे एवढा निष्णात माणूस ओल्या तुकड्यावर सापडला, तिथे आपण नक्षी नसलेले टायर घालून, घरची चार माणसं बसवून उतरायचं, आणि तेही 'लुक'साठी?

याउलट उदाहरणही देतो. १९ जून २००५, इंडियानापोलिस, फॉर्म्युला वनची शर्यत. मिशेलिनचे टायर तिथल्या उतरत्या बाजूच्या वेगवान वळणावर टिकतील याची खात्री खुद्द मिशेलिनलाच देता येईना. सरावात एक गाडी आपटलीही होती. शेवटी मिशेलिनवाल्या चौदाच्या चौदा गाड्या एक फेरी मारून बाहेर पडल्या. उरल्या सहा. त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले गुण मिळाले. आपल्याकडे त्या गुणांची बातमी झाली. खरी बातमी ती नव्हती. जगातले सगळ्यात धाडसी ड्रायव्हर, कोट्यवधींचे करार, लाखभर प्रेक्षक, आणि तरीही टायरचा भरवसा नाही म्हटल्यावर गाड्या आत. आपल्याकडे मात्र "अजून पाच हजार किलोमीटर जाईल, साहेब" असं पंक्चरवाला म्हणाला की आपण निघालो शिर्डीला.

आणि मग काही झालं की दोन शब्दांत कारण सांगून मोकळे : टायर फुटला. जसं काही ढगातून वीज पडली! २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका गाडीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि त्यात बसलेला एक तरुण माणूस गेला. विमा कंपनीने कोर्टात सांगितलं की ही देवाची करणी, आमची जबाबदारी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे अपील फेटाळलं. टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे, माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं स्पष्ट म्हटलं आणि सुमारे सव्वा कोटीची भरपाई कायम ठेवली. वेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले टायर, ही कारणंही न्यायालयाने मोजून दाखवली. हा निकाल प्रत्येक टायरच्या दुकानात फ्रेम करून लावायला हवा.

उलटही होतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटली आणि पंचवीस माणसं गेली. पहिल्या बातम्यांमध्ये कारण होतं, टायर फुटला. आर.टी.ओ.च्या तपासात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे टायर फुटो वा न फुटो, हे वाक्य आपल्याकडे तयारच असतं. ते म्हटलं की पुढे कुणाला काही विचारावं लागत नाही.

टायर फुटतो कसा, तेही सांगतो, कारण इथे एक जीवघेणा गैरसमज आहे. "उन्हाळा आहे, हवा फुगते, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." हा सल्ला मी आठवीत असल्यापासून ऐकतोय. नेमकं उलट करायला हवं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि सरळ होते. तार वाकवत राहिलं की ती जशी तापते, तसंच. समृद्धीवर १२० च्या वेगाने छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सतरा फेरे घेतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरमध्ये साडेतीन लाखांहून जास्त फेरे. एवढ्या वेळा वाकलेली भिंत आतून भाजून निघते, थर सुटतात, आणि मग आवाज होतो. गरम झाल्यावर दाब तीन-चार पीएसआयने वाढणारच, हे कंपनीने धरूनच दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थंड टायरचा आकडा छापलेला असतो. गाडी भरलेली असेल तर वेगळा, जास्त आकडा असतो. लग्नाला निघालेल्या किती गाड्यांनी तो वाचलाय? ट्रॅकवरचे लोक मधूनमधून हवा सोडतात हे खरं, पण ते गेज लावून, गरम टायर मोजून, पंधरा मिनिटांनी परत मोजायला. अंदाजाने नव्हे. आणि नायट्रोजन भरला म्हणजे सगळं पावलं असं समजणाऱ्यांना एवढंच सांगतो की साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट असतो.

पावसातही कमी हवा घात करते. गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर कितव्या वेगाला तरंगेल याचं एक ढोबळ सूत्र नासाने विमानांच्या टायरवरून १९६० च्या दशकात काढलं. ३२ पीएसआयला ते उत्तर येतं ताशी सुमारे ९४ किलोमीटर. २४ पीएसआयला येतं ८२. तरंगलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही शोभेचे. 

इथे ब्रिटनमध्ये सगळे शहाणे आहेत असं मुळीच नाही. रात्री सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रबरबँडसारखे ताणलेले टायर आणि जमिनीला टेकलेल्या गाड्या घेऊन पोरं जमतात, ती इथेही. जुने, वापरलेले टायर इथेही राजरोस विकले जातात. फरक एवढाच की तीन वर्षं झालेल्या प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि त्यात टायरची नक्षी, भेगा, फुगवटे बघतात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर एका टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. चार टायर, बारा पॉइंट, म्हणजे लायसन्सच जायची पाळी. आपल्याकडेही १.६ चा नियम आहेच! पण खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणी नाही. पीयूसी धूर हुंगते, टायर बघत नाही. पुढे समृद्धीच्या नाक्यांवर आर.टी.ओ.ने घासलेले टायर बघून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तर केवढी ओरड झाली. अहो, ते उपकार करत होते.

उरला खर्चाचा मुद्दा. "चांगले टायर महाग असतात हो." असतात. पण हे वाक्य चार अलॉयचे पैसे मोजून झालेला माणूस म्हणतो, याची गंमत वाटते. परदेशीच हवेत असंही नाही. सीएटचे टायर नाशकात बनतात, ब्रिजस्टोनचे चाकणला. इथे केंब्रिजच्या दुकानांत मिळणारे व्रेडेस्टाइन टायर २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीचे आहेत. माल आहे. प्राधान्य चुकलंय.

जाता जाता एक मजा. 'स्टेपनी' हा आपला रोजचा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे जादा चाकं बनायची. केंब्रिजच्या गॅरेजमध्ये 'स्टेपनी' म्हटलं तर आज एकालाही कळत नाही. शब्द आपण सांभाळला, पण त्या स्टेपनीत हवा किती आहे हे शेवटचं कधी बघितलंत?

तर पुतण्यांनो, क्रम असा. आधी गाडीचं खरं काम ठरवा : वर्षातले ३६० दिवस रस्ता, आणि झालेच तर पाच दिवस ट्रॅक. रस्त्यासाठी कंपनीच्या मापाचा, ओल्यावर चांगली पकड असलेला टायर, आणि चाक कंपनीचंच. त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचून घ्या. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, मग दुकानदार 'फ्रेश स्टॉक' म्हणो की आणखी काही. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की बदला, १.६ ची वाट बघू नका. महिन्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना हवा मोजा, स्टेपनीसकट. चेन्नईला किंवा कोइमतूरला ट्रॅकवर खरंच जाणार असाल तर दुसरा संच घ्या : छोटा, हलका, बोल्टच्या मापाचा आणि बरोबर ऑफसेटचा. तो तिथेच लावा आणि तिथेच काढा. दोन संच परवडत नसतील तर रस्त्याचेच टायर ट्रॅकवर न्या. दोन सेकंद हळू जाल, शिकाल मात्र जास्त.

आणि एवढं करूनही सतरा इंची हौस उरलीच, तर खुशाल भागवा. फक्त त्या गाडीत आई-वडिलांना बसवून पावसात घाट उतरू नका.